बिलिंग मशीनची चावी मालकाकडे हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कराडला महामार्गापासून थोडं आत आमची खानावळ आहे. अख्खा मसूर, भाकरी, मटण थाळी, रविवारी खिमा, एवढाच मेनू. वडील (सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं) गेल्यावर ती माझ्याकडे आली. भाऊ पुण्यात नोकरीला, त्याने संमतिपत्र करून दिलं. भांडी, डीप फ्रीज, उधारीच्या वह्या आणि भाकऱ्या करणाऱ्या मावश्या यांच्याबरोबर गल्ल्यावरचं बिलिंग मशीनही वारशात आलं. बाकी कशाचं अडलं नाही, या मशीनपायी मात्र मी रडकुंडीला आले. माझ्यासारखी वेळ अनेकांवर येणार आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या तालुक्यातल्या बहुतेक खानावळी एकट्याच्या मालकीच्या आहेत. जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. त्यामुळे मालक गेला की तो क्रमांक धंद्याला पुढे चालवता येत नाही. वारसाने आपल्या पॅनवर नवी नोंदणी घ्यायची आणि जुनी रद्द करून घ्यायची. अन्न परवान्याचं त्यातल्या त्यात बरं, मालकाच्या निधनानंतर वारसांना नव्वद दिवसांची मुदत मिळते. पण तोही शेवटी बदलतोच, आणि १ जानेवारी २०२२ पासून या परवान्याचा चौदा आकडी क्रमांकसुद्धा बिलावर छापावा लागतो. म्हणजे बिलाच्या डोक्यावरच्या दोन्ही ओळी बदलणं आलं. कर सल्लागाराने दोन्ही कामं बिनबोभाट करून दिली. नवे क्रमांक हातात आले, आणि मशीन जुनेच छापत राहिलं.

बिलाचा मथळा बदलायच्या पानावर मशीन ‘सर्व्हिस पासवर्ड’ मागतं. अण्णांच्या डायरीत गल्ल्याचा पासवर्ड होता, हा नव्हता, कारण तो त्यांना कधी दिलाच नव्हता. ज्या डीलरने मशीन बसवलं त्याने केव्हाच दुकान बंद केलेलं. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला तर उत्तर मिळालं, “मूळ ग्राहकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवतो.” मूळ ग्राहक वारले आहेत, सिमकार्ड बंद झालंय, मृत्यू दाखला पाठवते, असं मी सांगितलं. त्यावर, मग आधी वार्षिक देखभालीची थकबाकी भरा, नावबदलाचे पैसे वेगळे भरा, मग बघू. पैशाला ना नव्हती. पण जे मशीन रोख मोजून विकत घेतलं, त्यावर दुकानदाराने स्वतःचं नाव घालायचं तर परवानगी कुणाची काढायची?

रद्द झालेल्या क्रमांकाचं बिल गिऱ्हाइकाच्या हातात देणं शक्य नव्हतं. मी छापखान्यातून नव्या क्रमांकाचं बिलबुक करून आणलं, कार्बन पेपर घातला आणि हाताने बिलं लिहायला लागले. आम्ही कंपोझिशनमध्ये, जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या योजनेत आहोत, म्हणजे गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही आणि आपण कर वसूल करण्यास पात्र नाही अशी ओळ बिलावर छापायची. दोनशे रुपयांच्या आतल्या किरकोळ बिलाला, गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर, दिवसाअखेरीस मिळून एकच बिल चालतं, त्यामुळे भाकरी-मसूर खाऊन जाणाऱ्यांचं ओझं हलकं झालं. मशीन फक्त आत ऑर्डर पाठवायला ठेवलं.

शेवटी पासवर्ड मिळाला तो त्याच डीलरकडे पूर्वी कामाला असलेल्या एका पोराकडून. त्याने आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. तो आला, उभ्या उभ्या काहीतरी दाबलं, मथळा उघडला. मी म्हटलं, तुझ्या बरं लक्षात राहिला आमचा पासवर्ड. तर तो हसून म्हणतो, “ताई, सगळ्यांचा तोच हाय.” त्या डीलरने बसवलेल्या प्रत्येक हॉटेलात एकच पासवर्ड! मालकाला माहीत नाही, पण नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येक पोराला पाठ. त्यातून रोजची विक्री दिसते, बिल खोडता येतं, दरही बदलता येतो. माझं अडकलेलं काम त्याने केलं, त्याचे आभारच मानते, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यालाच बसवून पासवर्ड बदलून घेतला.

मथळ्याच्या मागे कराचं पान उघडलं तर तिथे जुन्या वस्तीसारखे थरच्या थर निघाले. सर्वांत खाली व्हॅट, म्हणजे जीएसटीच्या आधीचा कर. त्याच्यावर जुलै २०१७ चे दर, साध्या हॉटेलला १२ टक्के आणि एसीवाल्याला १८. त्यावर १५ नोव्हेंबर २०१७ पासूनचे ५ टक्के. काही पदार्थ अजून जुन्या गटाला चिकटलेले होते. अण्णा कंपोझिशनमध्ये होते म्हणून मशीनची कर-आकारणी बंद होती आणि हे कधी वर आलं नाही. कुणी अजाणतेपणी ती चालू केली असती तर ताकावर १२ टक्के लागले असते. जुनं मशीन ताब्यात आलं की आधी हे पान पाहा आणि प्रत्येक पदार्थ कुठल्या गटात आहे ते तपासा.

आता मशीनच्या दुखण्यांविषयी, कारण त्यातली निम्मी दुखणी मेकॅनिकशिवाय बरी होतात आणि हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडे वीज गेली की मशीनची तारीख थेट २००९ वर जायची. तारीख मागे गेली की बिलांचे नंबर भलतीकडूनच सुरू व्हायचे, आणि जीएसटीत तर आर्थिक वर्षभर बिलांचे नंबर ओळीने लागतात. कंपनीचा माणूस फोनवर ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणाला. गेली होती मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी. सीआर २०३२ म्हणून मागितली की घड्याळवाल्याकडेही मिळते. मशीन बंद करून, वायर काढून बदलायची, मग तारीख-वेळ नीट लावायची.

त्याहून जास्त छळलं ते स्वयंपाकघरातल्या प्रिंटरने. गल्ल्यावर ऑर्डर मारली की आत चिठ्ठी निघते, तिला सगळे केओटी म्हणतात. इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि त्या दिवसापासून चिठ्ठी निघेना. प्रिंटर चालू, दिवा हिरवा, कागद भरलेला, पण चिठ्ठी नाही. ऐन जेवणाच्या वेळी वाढपी पोरं आत-बाहेर ओरडत होती. उपाय असा: प्रिंटर बंद करायचा, फीडचं, म्हणजे कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरायचं आणि ते तसंच धरून प्रिंटर चालू करायचा. तो आपली सगळी कुंडली स्वतःच छापून देतो. त्यात त्याचा आयपी पत्ता, म्हणजे राउटरच्या जाळ्यातला त्याचा क्रमांकही असतो. आमच्या प्रिंटरच्या चिठ्ठीवर १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता होता, आणि नवा राउटर १९२.१६८.१ चे पत्ते वाटत होता. दोघं एकाच खोलीत बसून वेगवेगळ्या गावात राहत होते. राउटरचा पत्ता जुन्यासारखा करून घेतला आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. त्याच वेळी गिऱ्हाइकांचं वायफाय मशीनच्या जाळ्यातून वेगळं करून घेतलं. आमचं मशीन विंडोज ७ वर चालतं, त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला बंद केल्या. असलं मशीन इंटरनेटपासून लांबच बरं. स्वयंपाकघरात चिठ्ठी पाठवायला इंटरनेट लागतही नाही.

हा प्रिंटर बसवणाऱ्याने ठेवला होता भाकरीच्या ओट्याशेजारी. ज्वारीचं पीठ कटरमध्ये जाऊन बसायचं आणि चिठ्ठी अर्धवट कापून अडकायची. शिवाय या कागदाला शाई लागत नाही, तो उष्णतेनेच काळा होतो, त्यामुळे गॅसजवळच्या खिळ्याला लावलेल्या चिठ्ठ्या पाच मिनिटांत कोळशासारख्या व्हायच्या. प्रिंटर उचलून ताटं मांडायच्या बाजूला नेला. फडताळ सुताराने अर्ध्या तासात ठोकून दिलं.

चिठ्ठी निघाली तरी ती वाचणार कोण? मशीनमध्ये नावं इंग्रजीत, तीही तोडलेली. ‘एमटीएन’ म्हणजे मटण आणि ‘सीकेएन’ म्हणजे चिकन, हे मावश्यांनी कुठे शिकायचं? मी मशीनमध्ये मराठी नावं भरली तर चिठ्ठीवर नुसती प्रश्नचिन्हं. साध्या थर्मल प्रिंटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात, देवनागरी सहसा नसते. सॉफ्टवेअरने नुसती अक्षरं पाठवली तर त्याला ती कळत नाहीत. सेटिंगमध्ये छपाई विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत) केली की संगणक अक्षरांचं चित्र काढून पाठवतो आणि प्रिंटर ते चित्र छापतो. मंगल फॉन्ट लावला, आकार वाढवला. ‘अख्खा मसूर २, भाकरी ६, कांदा जादा’ अशी पहिली मराठी चिठ्ठी निघाली तेव्हा आमच्या थोरल्या मावशींनी ती मोठ्याने वाचून दाखवली. चिठ्ठी निघायला आता एखादा सेकंद जास्त लागतो, पण चुकून गेलेल्या थाळ्या परत येणं जवळजवळ थांबलं. दुकानाची पाटी मराठीत हवी असा महाराष्ट्रात कायदा आहे आणि तो योग्यच आहे. मग महाराष्ट्रात विकायच्या मशीनवर मराठी चिठ्ठीचं सेटिंग आधीच करून का देत नाहीत, हे मला कळत नाही.

या सगळ्यापेक्षा गंभीर गोष्ट हिशेबाची. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. वारसालाही जुन्या कराविषयी विचारणा होऊ शकते. अण्णांनी रोजच्या विक्रीच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या फायलीत नीट लावलेल्या होत्या. फाईल उघडली तर पांढरे कागद. थर्मल कागदावरची छपाई प्लास्टिकच्या संगतीने उडून जाते. म्हणजे खरा हिशेब उरला तो मशीनच्या पोटात, आणि तो एक्सेलमध्ये काढायचा पर्यायही त्याच सर्व्हिस पासवर्डच्या मागे! आता मी दर महिन्याला हिशेब पेनड्राइव्हवर घेते आणि गोषवाऱ्याची साध्या कागदावर प्रत काढते.

खानावळ, हॉटेल, नाष्टा सेंटर चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की मशीन घेताना तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या: सगळे पासवर्ड मालकाला मिळतील, हिशेब केव्हाही एक्सेलमध्ये काढता येईल, आणि मालक गेल्यास मृत्यू दाखल्यावर व नव्या नोंदणीवर वारसाचं नाव लागेल. विकणारा ‘सिस्टीममध्ये तसं होत नाही’ म्हणाला तर दुसऱ्याकडे जा. हॉटेलवाल्यांच्या संघटनांनी हाच मसुदा सभासदांना वाटला तर एकेकट्याला भांडत बसावं लागणार नाही. जीएसटी खात्यानेही मृताच्या जागी वारसाला क्रमांक देताना बिलिंग मशीनच्या मथळ्याची आणि जुन्या हिशेबाची आठवण करून देणारी एक ओळ घालावी.

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असं मला दोघातिघांनी सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की आपल्याला कळवीन.

आपली,
एक खानावळवाली, कराड