पातेल्याला पडलेले पोचे

सान्तियागो, चिली
30 नोव्हेंबर 2019

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात 26 तारखेला तुमचा फोन आला, तेव्हा 'काल दिवसभर घरीच होते' असं मी सांगितलं. ते खोटं होतं. 25 ऑक्टोबरला इथल्या प्लाझा इटालिया चौकात सरकारविरुद्ध निदर्शनांना बारा लाख माणसं जमली, त्यांत मी होते. महिनाभर हे मनात डाचतंय.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, तिकीट 30 पेसोंनी वाढलं, म्हणजे आपले तीन रुपये, त्यासाठी एवढं? तुम्हाला हिशेबच सांगते. गर्दीच्या वेळचं मेट्रोचं तिकीट 800 वरून 830 झालं. जाऊन-येऊन, महिन्याचे 22 दिवस धरले, तर साडेछत्तीस हजार पेसो होतात. इथल्या निम्म्या कामगारांना महिन्याला चार लाख पेसो किंवा त्याहून कमी मिळतात. अकरावा हिस्सा नुसता कामावर पोचण्यात गेला. त्यावर एक मंत्री म्हणाले, पहाटे लवकर निघा, तेव्हा तिकीट स्वस्त असतं. ज्या बायका पहाटे पाचला बसथांब्यावर उभ्या असतात, त्यांना हे ऐकवलं! शाळेतली पोरं तिकीट न काढता मेट्रोच्या फाटकांवरून उड्या मारू लागली, तिथून सगळं पेटलं. मग सरकारने दरवाढ मागे घेतली, पण लोक घरी गेले नाहीत. भिंतीभिंतीवर लिहिलंय, '30 पेसोंचं नाही, 30 वर्षांचं आहे.' हुकूमशाही गेल्याला 30 वर्षं होत आली, पण हुकूमशहा पिनोशेच्या काळातली 1980 ची राज्यघटना आणि तेव्हाचे कायदे बरेचसे तसेच राहिले.

त्यातला पेन्शनचा कायदा तुम्हाला लगेच कळेल. 1981 पासून पगाराचे दहा टक्के खासगी कंपन्यांकडे जातात, त्या ते बाजारात गुंतवतात, आणि म्हातारपणी हातात पडेल ते आपलं. निम्म्याहून जास्त पेन्शनरांना किमान वेतनाएवढंही मिळत नाही. या कायद्यातून फक्त लष्कर आणि पोलीस वगळले. दादा नोकरीला लागला तेव्हा त्याला जुनी पेन्शन नाही हे कळल्यावर तुम्ही दोन दिवस गप्प होतात, ते मी विसरलेले नाही. इथे त्या गप्प बसण्याला अडतीस वर्षं झाली होती.

आणि पाणी. नदीच्या पाण्याचे हक्क इथे विकत घेता येतात. पेतोर्का भागात अवोकाडोच्या बागा हिरव्यागार आहेत आणि शेजारच्या वस्त्यांना टँकर लागतो. आई, टँकरच्या रांगेतलं आयुष्य तुला वेगळं सांगायला नको.

मेट्रोची स्टेशनं जाळली ते मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण त्याला उत्तर म्हणून रस्त्यावर लष्कर आलं, संचारबंदी लागली, आणि 'आपण एका बलाढ्य शत्रूशी युद्ध करतोय' असं राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर बोलले. शत्रू म्हणजे कोण? वीसहून जास्त माणसं गेली. पोलिसांच्या छऱ्यांनी दोनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. छरे रबरी आहेत असं सांगत होते. चिली विद्यापीठाने तपासले, तर त्यांत रबर जेमतेम वीस टक्के निघालं, बाकी शिसं आणि इतर कठीण पदार्थ. एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याचे दोन्ही डोळे गेले. ते कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आता तरुण पोरं एका डोळ्यावर पट्टी बांधून मोर्च्यात येतात.

'परक्या देशात आहेस, कशाला पडतेस त्यात' असं तू म्हणालीस, आई. संचारबंदीच्या रात्री इथे लोक खिडकीत उभे राहून भांडी बडवत होते. खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात. त्या सांगत होत्या, 1983 च्या मे महिन्यात पिनोशेच्या विरोधात त्यांनी दिवे मालवून अशीच भांडी वाजवली होती. त्याआधी 1971 मध्ये सुखवस्तू बायकांनी तेव्हाचे समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या विरोधात हीच युक्ती वापरली होती, हेही त्यांनी सांगितलं. 'भांडं कुणाचंही असतं, रिकामं कुणाचं ते महत्त्वाचं,' असं काहीसं म्हणाल्या. मला त्या क्षणी तू आठवलीस. दुष्काळाच्या वर्षी मृणालताईंच्या लाटणे मोर्च्याला तू आजीला न सांगता गेली होतीस, आणि लाटणं पदराखाली लपवून घरी आणलं होतंस. ही गोष्ट तूच मला दहादा सांगितली आहेस, आणि दरवेळी हसत सांगितली आहेस.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि तू दिलेलं स्टीलचं पातेलं काढलं. आता त्याला पोचे पडलेत. चमचा वाकला, म्हणून लाटणंच घेतलं.

मी काळजी घेते. धूर दिसला की मागे फिरते, पहिल्या रांगेत कधी जात नाही, पारपत्राची प्रत खिशात असते. या महिन्यात नवीन राज्यघटनेसाठी जनमत घ्यायचं बहुतेक मोठ्या पक्षांनी मान्य केलंय, पुढच्या वर्षी मतदान होईल. पोरांच्या डोळ्यांची भरपाई त्याने होणार नाही, पण खालच्या बाई रडल्या ते आनंदाने.

बाबा, रागावला असाल तर फोनवर रागवा, गप्प राहू नका. रविवारी तुमच्या सकाळी सातला फोन करते. या वेळी कुठे होतीस म्हणून विचारलंत, तर जिथे असेन तेच सांगेन.

तुमची,
लेक