नंदीध्वजाचा रस्ता वर्षभर चालण्यासारखा ठेवा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, जवळ आला की आपल्या सोलापुरात एक काम न चुकता होतं, नंदीध्वजाच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीचा रस्ता नीट केला जातो. खड्डे बुजवतात, आडव्या वायरी काढतात, फांद्या छाटतात आणि मग पांढरी बाराबंदी घातलेले भक्त त्याच रस्त्यावरून अनवाणी चालतात, मागनं म्हातारी माणसं, लेकरं कडेवर घेतलेल्या बायका सगळे असतात. म्हणजे हा रस्ता चालण्यासारखा करता येतो की! मग बाकीचे अकरा महिने का नाही, एवढंच माझं विचारणं आहे.

उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून दाते गणपती, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा आणि पुढं तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर, हेच खरं जुनं सोलापूर आहे. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात ६८ लिंगं स्थापन केली असं आपण मानतो, त्यांच्या प्रदक्षिणेला नंदीध्वज अजूनही पायीच निघतात. पायी फिरायची एवढी जुनी रीत असलेल्या गावात आज माणिक चौकातून धड सरळ चालता येत नाही. दुकानाची पायरी पुढं, तिच्यापुढं स्टँडवर लावलेल्या गाड्या, त्यापुढं मालाचा टेम्पो, आणि चालणारा माणूस रिक्षाच्या हॉर्नवर दचकत मधून.

सकाळी लवकर मधल्या मारुतीकडं एकदा जाऊन बघा. शटर अजून अर्धीच वर असतात, कुणीतरी दारात पाणी मारत असतं, एका दुकानात कन्नड, शेजारी तेलुगू, समोर मराठी आणि मधेच हिंदी, गिऱ्हाईक बघून दुकानदार भाषा बदलतो. संक्रांतीच्या आधी सुगडं, बोरं, ऊस, हरभरा यांनी रस्ता भरतो तेव्हा तर पाय हलत नाही तिथनं. तिथनं नवी पेठेतही पायी जाता येतं, पण दहा वाजले की सगळा खेळ खलास, गाड्याच गाड्या.

आणि चार हुतात्मा पुतळा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. ही नावं ओळीनं वाचली तरी जुन्या गावातल्या पेठा डोळ्यासमोर येतात. १९३० साली इंग्रजांना इथं मार्शल लॉ लावावा लागला, ते सगळं याच रस्त्यांच्या आसपास घडलं, पण त्या दिवसांत कुठं काय झालं हे शाळकरी पोरांना जागेवर उभं राहून कळेल असं रस्त्यात मला तरी काही दिसत नाही. पुतळ्याला हार घातला जातो, ते चांगलंच आहे, पण पोरांना तिथपर्यंत चालत नेलं पाहिजे.

पाहुणे येतात ते तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करतात, सोलापुरात फक्त मुक्काम आणि जाताना चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी. भुईकोट किल्ला आणि तळं इतकं जवळ असून बघत नाहीत. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली इंद्रभुवनची जुनी इमारत कितीजण थांबून बघतात? आपणच चालत नाही तर त्यांना काय म्हणायचं.

काहीजण म्हणतील हातगाड्या उठवा की झालं. मला हे पटत नाही. फळवाली बाई सकाळपासून एका जागी बसते, तिच्यामुळं रस्ता अडत नाही, अडतो तो तासन् तास उभ्या केलेल्या चारचाकींनी, आणि त्यांना बोलायची कुणाची हिंमत नाही. व्यापाऱ्यांनाही सांगतो, चालणारा माणूसच दुकानात शिरतो, गाडीवाला पार्किंग शोधत पुढं निघून जातो.

महापालिकेनं निदान पंचकट्टा ते माणिक चौक एवढा पट्टा तरी आधी घ्यावा. फुटपाथ मोकळा, सलग, म्हाताऱ्यांना चढता येईल एवढ्याच उंचीचा, आणि चौकाचौकात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दूत पाट्या. रविवारी सकाळी ७ ते १० गाड्या बंद ठेवून बघा, मालाच्या टेम्पोंना त्याआधीची वेळ द्या. यंदाच्या गड्ड्यासाठी रस्ता नीट कराल तेव्हाच हे काम त्यात धरा, वेगळं टेंडर कशाला.

आपला,
एक वाचक, उत्तर कसबा, सोलापूर