डबा हातात घेऊन फोन करा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेच्या बातम्या येऊ लागतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा हातमोजे, मास्क यांवर पुष्कळ लिहिले गेले. पण विष अंगात गेल्यावर फोन कुणाला करायचा आणि काय सांगायचे, हे क्वचितच छापून येते.

दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा मोफत क्रमांक आहे. रुग्ण बेशुद्ध असेल, झटके येत असतील, धाप लागली असेल किंवा कुणी मुद्दाम विष घेतले असेल, तर आधी 108. एरवी फोनवर वय, वजन, काय पोटात गेले, किती, किती वाजता आणि आता काय त्रास होतोय, हे विचारले जाते. ‘किती’ला उत्तर बहुधा ‘थोडंसंच’ असे येते. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. बाटली किती मिलिलिटरची होती, आधी किती भरलेली होती, आता किती उरले, हे सांगा. सांडलेल्याचा अंदाज नसेल तर गेलेले सगळे पोटातच गेले असे धरावे लागते.

‘उंदराचं औषध खाल्लं’ एवढ्यानेही भागत नाही. वडीतल्या ब्रोमाडिओलोनने रक्त गोठायचे थांबते, पण त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. ट्यूबमधल्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असू शकतो. त्यात उलट्या थांबून मूल दिवसभर खेळते, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत बिघडलेले आढळते. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ हे ऐकून घरी थांबा असे कधीच सांगितले जात नाही. तापावरच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या प्रमाणाबाहेर पोटात गेल्या तरी तसेच. पहिला दिवस शांत जातो, पण उतारा आठ तासांच्या आत सुरू झाला तर यकृत वाचण्याची खात्री सर्वांत जास्त.

कीटकनाशकाच्या लेबलवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. पण रंगावर थांबू नका, घटकाचे नाव आणि टक्केवारी वाचून दाखवा. क्लोरपायरिफॉस 20 टक्के मिळते, तसेच 50 टक्केही मिळते. बाटली आणि सोबतचे माहितीपत्रक दवाखान्यात न्या.

फोन लागेपर्यंत घरात हमखास एक गोष्ट होते: मीठपाणी पाजून ओकारी काढणे. कृपया हे करू नका. मिठाने लहान मुलाच्या रक्तातले सोडियम वाढून झटके येतात. रॉकेल उलटीतून फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो. संडास धुण्याचे ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. दूध-तूपही नको, फॉस्फरस चरबीत विरघळून जास्त शोषला जातो. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून साबणपाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे पाणी मारत राहा.

सरकारकडे मागणी अशी की, प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागातील परिचारिकांना विषबाधेच्या फोनवर काय विचारायचे आणि काय सांगायचे याचे प्रशिक्षण देऊन फोनची पाळी लावावी. यवतमाळात मराठीबरोबर गोंडी, कोलामी बोलणारीही हवी. चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या घरी उलट फोन करणे हा त्या पाळीचाच भाग असावा, कारण उशिरा दिसणारी लक्षणे त्यातच सापडतात.

आपल्या दैनिकाने फवारणीच्या दिवसांत शेतीच्या पानावर हा क्रमांक रोज छापावा, ही विनंती.

– अपघात विभागातील एक परिचारिका, यवतमाळ