पेत्र कुठल्या सेमिनरीत गेला होता, या तुझ्या प्रश्नाला

कुर्ला (पूर्व), मुंबई
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय बाळ्या,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पाकिटाच्या जाडीवरूनच कळलं की काहीतरी मनाला लागलंय. आज हार्बरला मेगाब्लॉक होता, वाशीकडची माणसं उपासनेला आलीच नाहीत. दुपारी घर शांत होतं, तेव्हा पुन्हा दोनदा वाचलं. आता जेवणं उरकून लिहायला बसलोय.

दोन वर्षं तुमच्या नगरच्या मंडळीला पाळक नाही, चर्च पाद्रीविना चाललंय, हे वाचून वाईट वाटलं. तो पोरगा गोड गळ्याचा आहे, प्रार्थनेला उभा राहिला की बायाबापड्यांच्या डोळ्यांना धार लागते, आणि पंचांपैकी चौघं म्हणतात की यालाच पाळक करा, सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवायच्या कॉलेजात, पाठवून चार वर्षं कोण थांबणार. वर तुझा प्रश्न : येशूचा शिष्य पेत्र कुठल्या सेमिनरीत गेला होता? तुझी अडचण मला कळते. तरी मी याच्या विरुद्ध आहे, आणि का आहे ते सांगायला मला एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी तुला आजवर सांगितलेली नाही.

आमचा धाकटा भाऊ परळच्या हॉस्पिटलात गेला, हे तुला माहीत आहे. तू शिवडीच्या कब्रस्तानात माझ्या शेजारीच उभा होतास. पण दफनाच्या आदल्या रात्री घरात काय झालं ते तुला ठाऊक नाही. ओळखीचा एक प्रचारक आला होता. माणूस वाईट नव्हता रे. मध्यरात्री आला, येताना सगळ्यांसाठी चहा-पाव घेऊन आला, पहाटेपर्यंत बसून राहिला. आईने त्याला विचारलं, "माझ्या लेकराचंच असं का झालं?" तो म्हणाला, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला." एवढंच. पुढे त्याने प्रार्थना केली, चांगली मोठी केली.

आईने ते "कुणाचा तरी" उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. धाकटा आजारी असताना एका शुक्रवारी उपवासाची प्रार्थना होती, आणि आईला ताप होता म्हणून ती गेली नव्हती. तो शुक्रवार ती मोजत बसली. किती महिने! रात्री उठून बसायची आणि म्हणायची, "गेले असते तर." मंडळीत यायचं तिने बंद केलं. लोकांना वाटायचं, मुलाच्या दुःखाने येत नाही. ती येत नव्हती शरमेने.

त्याच सुमारास आमच्या मंडळीत नवे पाळक आले. आमची मंडळी तुला माहीत आहे, लुथरन, जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या परंपरेतली. तमिळ, तेलुगू, छोटा नागपूरकडचे, आणि माझ्या सासुरवाडीमुळे छिंदवाड्याकडचे आम्ही दोन-चार जण. पाळक दक्षिणेत शिकलेले, वय अठ्ठावीस, मराठी मोडकी. भेटीला घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. तिने त्यांनाही तेच विचारलं, लेकराचंच का असं झालं. ते काही बोलले नाहीत. अर्धी जुडी स्वतःच्या पुढ्यात ओढली आणि निवडायला लागले. देठं बाजूला, पानं पेपरवर. बराच वेळ. मग म्हणाले, "आई, हे वाईट झालं. फार वाईट झालं." आई रडली. खूप दिवसांनी माणसासारखी रडली. मग ते म्हणाले, "देवाने तुमच्यावर राग धरून हे केलं नाही. तो शुक्रवार आता सोडून द्या."

पुढच्या महिन्यात आई उपासनेला आली.

मी त्यांना नंतर विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? ते म्हणाले, "सुचलं नाही, शिकवलंय." त्यांनी सांगितलं की 1518 साली हायडेलबर्गच्या वादसभेत लुथरने दोन प्रकारचे धर्मपंडित सांगितले. एक गौरवाचा : तो वाइटाला चांगलं म्हणतो आणि चांगल्याला वाईट. दुसरा वधस्तंभाचा, म्हणजे क्रुसाचा : तो जे जसं आहे त्याला तसंच म्हणतो. कॉलेजात हे वाक्य त्यांनी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण त्याचा अर्थ कळला तो हॉस्पिटलातल्या शिकाऊ दिवसांत. रोज खाटेपाशी बसायचं, आणि संध्याकाळी पेशंट काय म्हणाला नि आपण काय म्हणालो ते आठवून शब्द न् शब्द वहीत उतरवायचं. मग शिकवणारे त्या वहीवर खुणा करून विचारायचे : इथे तू का बोललास? तो अजून सांगत होता ना? हे वचन तू त्याच्यासाठी म्हटलंस की स्वतःची भीती झाकायला? पहिल्या वहीत खुणाच खुणा होत्या, म्हणाले.

बाळ्या, त्या प्रचारकाला कुणी अशी वही लिहायला लावली असती, तर माझ्या आईचं एक वर्ष वाचलं असतं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्याकडे माया होती, फक्त शिक्षण कुणी दिलं नव्हतं. तुमच्या त्या गोड गळ्याच्या पोराला तुम्ही उद्या असंच एखाद्या मयताच्या घरी पाठवणार आहात, आणि तिथे त्याला गाऊन चालणार नाही.

आता पेत्राचं. बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत चौथ्या अध्यायात आहेच की, पेत्र आणि योहान निरक्षर, सामान्य माणसं आहेत हे पाहून यहूदी धर्मसभेला नवल वाटलं. पण तेच वचन शेवटपर्यंत वाच. ते येशूच्या सहवासात होते हे त्यांनी ओळखलं, असंही त्यातच लिहिलंय. तीन वर्षं गुरूच्या मागे चालले, चुकले, ओरडा खाल्ला, पुन्हा विचारलं. याहून मोठी सेमिनरी कुठली? आणि प्रेषित पौल तर गमलिएल नावाच्या यहूदी गुरूच्या पायाशी बसून शिकला होता.

आमच्या लुथरन लोकांना शिक्षणाचं इतकं का, हे तू मागे एकदा विचारलं होतंस. त्याचं मूळ एका दौऱ्यात आहे. 1528 च्या सुमारास लुथर आणि त्याचे सोबती जर्मनीत सॅक्सनीतल्या मंडळ्या पाहायला गावोगाव फिरले. जे पाहिलं त्याने तो हादरला. खेड्यातल्या लोकांना धर्माचं काही म्हणजे काही माहीत नाही, आणि कित्येक पाळक शिकवायच्या लायकीचेच नाहीत, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. स्वतः विद्यापीठातला प्राध्यापक, पण 1529 मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी लिहिली ती घराघरातल्या आईबापांसाठी आणि या साध्या पाळकांसाठी. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न : याचा अर्थ काय? मला या प्रश्नाचं फार वाटतं. आपण नगरला लहानपणी धडाधड पाठ म्हणायचो, आठवतं? याचा अर्थ काय, असं कुणी विचारलंच नाही.

आपल्या देशातही ही गोष्ट जुनी आहे. 1706 साली झिगेनबाल्ग आणि प्लुचाऊ हे दोन जर्मन मिशनरी तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले. झिगेनबाल्ग लहान पोरांच्या शाळेत बसून वाळूत तमिळ अक्षरं गिरवायचा. 1715 पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला, आणि पुढच्याच वर्षी इथल्या लोकांना सेवेसाठी तयार करायची शाळा निघाली. तो 1719 मध्ये वारला, पण 1733 साली तिथेच आरोन नावाच्या तमिळ माणसाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. भारतातला पहिला प्रॉटेस्टंट भारतीय पाळक तो. दीक्षेआधी कित्येक वर्षं तो धर्मशिक्षक म्हणून गावोगाव राबला होता. त्याला कुणी आवाज ऐकून उभं केलं नव्हतं.

आज मुलं चेन्नईला कीलपाकच्या गुरुकुलात जातात, 1927 पासूनची संस्था आहे, किंवा रांचीला, नागरकोइलला. बऱ्याच ठिकाणची पदवी सेरामपूरच्या सिनेटची, बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची. ग्रीक, हिब्रू, मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र, सगळं चार-पाच वर्षांत.

पण सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या पाळकांनी मेथी निवडली ती त्यांच्याकडे शब्द नव्हते म्हणूनसुद्धा, हे त्यांनीच मला सांगितलं. चार वर्षं सगळं इंग्रजीत शिकले, टिपणं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. मुंबईत आले तर मंडळीतली तरुण पोरं म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतली. घरी तमिळ, रस्त्यावर हिंदी, भांडणार मराठीत. तमिळ येतं पण वाचता येत नाही. अशा पोराला "कृपा" म्हणजे काय ते कुठल्या भाषेत सांगायचं? माणूस ज्या भाषेत रडतो त्या भाषेत पाळकाला बोलता आलं पाहिजे, आणि ते कॉलेजातच शिकवलं पाहिजे. नंतर शीक म्हणणं बरोबर नाही. आपल्या नगरच्या ना. वा. टिळकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. अभंग आणि कीर्तन हातात घेऊन त्यांनी ख्रिस्त सांगितला, म्हणून तर आपल्या आज्यांना तो सहज तोंडपाठ झाला.

म्हणून आमच्या पाळकांनी शनिवारचा वर्ग सुरू केला. एका सभासदाच्या घरी, चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. एक परिचारिका, एक रिक्षावाला, दोघी घरकामाला जाणाऱ्या, एक बँकेतला शिपाई, मी, आणि कॉलेजातली दोन पोरं. मंडळीतले पुढारी म्हणजे आम्हीच. पाळक नसले तर उपासना चालवायची, आजाऱ्याला भेटायचं, रविवारची शाळा घ्यायची. प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाचा संस्कार, मात्र नाही. रीतसर बोलावणं असल्याशिवाय मंडळीत कुणी जाहीरपणे शिकवू नये की संस्कार देऊ नयेत, हे 1530 च्या ऑग्सबर्गच्या कबुलीत, आमच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, चौदाव्या कलमात आहे, आणि त्या बाबतीत आमचे पाळक पक्के आहेत. ही पद्धत काही आमचा शोध नाही. 1963 साली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात असं लक्षात आलं की खेड्यात मंडळ्या खरोखर चालवणारी माणसं शेत नि संसार सोडून सेमिनरीत येऊ शकत नाहीत, तेव्हा सेमिनरीच त्यांच्याकडे गेली. घरी धडा वाचायचा, आठवड्यातून एकदा जमायचं.

कालच्या आधीच्या शनिवारी सातवी आज्ञा होती. (तुमच्याकडे चोरीची आज्ञा आठवी, आमच्याकडे सातवी. मोजणी वेगळी, आज्ञा तीच.) लुथरचं स्पष्टीकरण असं : शेजाऱ्याचा पैसा घ्यायचा नाही, खोट्या मालाने लुबाडायचं नाही, एवढ्यावर ती संपत नाही. त्याची मिळकत आणि पोटापाण्याचं साधन राखायला त्याला मदत करायची. रिक्षावाले भाऊ खाकी शर्टातच आले होते, बिल्ला छातीवर. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "म्हणजे मीटर फास्ट नाही केला, तेवढ्याने झालं नाही." पाळक म्हणाले, "तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या स्टँडवर एका नवीन पोराला बाकीचे नंबर लावू देत नाहीत, आणि ते स्वतः मान खाली घालून बसतात. सोमवारी त्या पोराच्या बाजूने बोलेन, म्हणाले. आणि बोलले. परवा मला स्टेशनबाहेर भेटले तेव्हा सांगितलं.

या वर्गात आम्ही हिशेबही शिकतो. मंडळीच्या ट्रस्टचे कागद, 1950 च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे काय द्यायचं, ऑडिट, दानपेटी दोघांनी मिळून मोजायची. तुमच्याकडे जमिनीची जी भांडणं आहेत ती निम्मी यातलीच आहेत, पण ते प्रत्यक्ष बोलू.

अजून एक सांगायचंय. 1539 साली लुथरने लिहिलं की धर्मपंडित तीन गोष्टींनी घडतो : प्रार्थना, मनन आणि कसोटी. बायबलातल्या 119 व्या स्तोत्रातून त्याने ते काढलं. तुमच्या पोराकडे पहिली आहे, हे तुझ्या पत्रावरून दिसतं. तिसरी आयुष्य देतंच, कुणालाही सोडत नाही. मधली मात्र कुणीतरी बसवून शिकवावी लागते. पुस्तक लागतं, शिक्षक लागतो, वेळ लागतो. ती नसेल तर कसोटीच्या दिवशी तो पोरगा एकटा पडेल, आणि मग एखाद्या आईला काहीतरी बोलून बसेल.

म्हणून पंचांपुढे हे मांड : त्याला पुण्याच्या सेमिनरीत पाठवा. तुमच्या मंडळीच्या परंपरेची आहे, घराजवळ आहे, सुट्टीत येऊन गावात काम करील. तोवर तू आणि ते चौघं मिळून उपासना चालवा, प्रभुभोजनाला शेजारच्या मंडळीच्या पाळकांना महिन्यातून एकदा बोलवा. पैशाचं म्हणशील, तर मी शनिवारच्या वर्गात काल विचारलं. दरमहा थोडं थोडं काढू म्हणाले सगळे. घरकामाला जाणाऱ्या दोघींपैकी एकीने तिथल्या तिथे पदराची गाठ सोडून पन्नास रुपये वहीवर ठेवले. ते माझ्याकडे पाकिटात आहेत, त्यावर मी "नगरचा मुलगा" असं लिहून ठेवलंय.

येत्या शनिवारी त्याला घेऊन ये. सकाळची एसटी धर, कुर्ला नेहरूनगरला उतर, मी डेपोत असेन. संध्याकाळी सातला वर्ग आहे, आठवी आज्ञा घेणार आहोत. त्याला मागे बसून ऐकू दे. रात्री दोघं इथेच झोपा. आई विचारत होती, बाळ्याला अजून बोंबील आवडतात का. आणून ठेवते म्हणाली.

तुझा,
शाम्या