‘मीर इस्ट काल्ट’

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

आभार मानायला गेलं की तुम्ही ‘आधी खारी खा’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता तुम्हाला वाचावंच लागेल.

काल नाइटला वॉर्डातल्या एका आजींनी खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच जर्मनमध्ये म्हणाल्या, “मीर इस्ट काल्ट.” मी पांघरूण आणलं, पायापर्यंत नीट घातलं आणि बाहेर पॅसेजमध्ये येऊन रडले. स्टुटगार्टमध्ये रात्री तीन वाजता मला तुमचं सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर आठवलं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा जर्मनच्या बी-वन परीक्षेच्या चार भागांपैकी तीन सुटले होते, लेखन राहिलं होतं. 100 पैकी 60 लागतात, मला 47 होते. नापास झाल्याचं दुःख होतंच, पण फसवलं गेल्याचं जास्त होतं. त्याआधी आठ महिने एका क्लासला जात होते, कर्ज काढून फी भरलेली. तिथे माझ्या प्रत्येक निबंधाखाली ‘झेअर गूट’, म्हणजे ‘फार छान’, आणि एक हसरा चेहरा असायचा. “व्याकरणाचं टेन्शन नको, बोलत राहा,” असं सर म्हणायचे. चुका दाखवल्या की शिकणारा खचतो, संशोधनच तसं सांगतं, हेही वर.

मी नंतर ते शोधून वाचलं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये लेखनातल्या व्याकरणाच्या दुरुस्तीविरुद्ध लिहिलं होतं खरं, पण 1999 मध्ये त्याच विषयातल्या डाना फेरिस यांनी त्याला उत्तरही दिलं होतं. ते उत्तर सरांनी कधी सांगितलं नाही. आणि आणखी एक संशोधक रेनेट शुल्झ यांनी कोलंबिया आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना विचारलं, तेव्हा चुका दुरुस्त करून हव्यात असं विद्यार्थीच शिक्षकांपेक्षा जास्त म्हणाले. आम्हाला मात्र त्या क्लासमध्ये कुणी विचारलंच नाही. मी नर्स आहे, काकू. सलाईनचा वेग चुकला तर सीनियर सिस्टर हात धरून थांबवतात. त्यात अपमान वाटत नाही, कुणीतरी लक्ष ठेवून आहे असं वाटतं.

तुम्ही तोच ‘झेअर गूट’वाला निबंध मागितलात. लाल पेन काढलं नाहीत. पेन्सिलीनं शब्दांखाली बारीक ठिपके दिलेत, सतरा. मी मोजले होते. पहिला ठिपका ‘इश बिन काल्ट’मधल्या ‘इश’खाली होता.

“आय ॲम कोल्ड लिहायचं होतं,” मी म्हटलं.

“इंग्रजी राहू दे. मिरजेला आईला काय सांगतेस?”

“मला थंडी वाजते.”

“मी थंड आहे, असं नाही सांगत?”

“नाही.”

“मग ते ‘मला’ कुठे गेलं?”

मला सुचेना. तुम्ही काहीच बोलला नाहीत. चहावर साय धरली, कुकरची शिट्टी झाली, तरी तुम्ही उठला नाहीत. उत्तर तुमच्या ओठांवर असणार, सांगायला दोन सेकंद लागले असते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मी म्हटलं, “मीर. मीर इस्ट काल्ट.” तुम्ही पेन्सिल माझ्या हातात दिलीत. “खोड आणि तूच लिही.”

काकू, माझ्या एका शब्दासाठी तोवर कुणी एवढं थांबलं नव्हतं. गावाकडच्या इंग्रजीला वर्गानं हसायचं, नाहीतर कुणीतरी घाईनं वाक्य पुरं करून टाकायचं, नाहीतर तो हसरा चेहरा. समोरच्याला जमेल असं मनापासून धरून गप्प बसणं, हा चांगुलपणा मी तुमच्याकडेच पाहिला.

त्यानंतर मराठीचाच हात धरून चालले. ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आलं की क्रियापद शेवटी, आपलं तर रोजच शेवटी असतं. 85 म्हणजे आधी पाच, मग ऐंशी, अगदी पंच्याऐंशीसारखं. रात्री फोनवर कुणी बीपी सांगितलं तर माझे आकडे उलटेपालटे होत नाहीत. लिंगं मात्र पाठच करावी लागली. चमचा दोन्हीकडे ‘तो’, पण आपला काटा इथे ‘ती’ आणि सुरी ‘ते’.

इथली माणसं फार सांभाळून घेतात, चुका कानाआड करतात. म्हणून तुम्ही निघताना पाठ करून घेतलेलं वाक्य मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, ‘बिटे कोरिगीरेन झी मिश’, कृपया माझी चूक सुधारा. एक वयस्कर सिस्टर तेव्हापासून माझं चुकलेलं वाक्य तेवढ्यापुरतं नीट करून परत म्हणते आणि थांबते. तिला तुमच्याबद्दल सांगितलंय.

फी विचारली तेव्हा “आधी पास हो” म्हणाला होतात. पास झाल्यावर “आधी नोकरी लागू दे.” आता दिवाळीला येते आहे, तेव्हा ऐकणार नाही. बी-टूची वही सोबत आणते. पेन्सिलीला टोक करून ठेवा.

तुमची,
नाइट ड्यूटीवरून येणारी