दोन कळांच्या मधे

नौपाडा, ठाणे
१४ जुलै

प्रिय मेघा,

'खरं सांग, बाळंतपणात किती दुखतं?' हा तुझा मेसेज आला तेव्हा आई शेजारीच लंगोटांच्या घड्या घालत बसली होती, त्यामुळे फोन करून बोलता येईना. म्हणून हे पत्र. चिरंजीव झोपलेत, तोवर होईल तेवढं.

दुखतं. खूप दुखतं. पण मला सगळ्यांनी दुखण्याचंच सांगितलं, कळ थांबते हे कुणी सांगितलंच नाही गं. मला वाटायचं, दिवसभर सलग एकच कळ. प्रत्यक्षात ती चढते, मिनिटभरात उतरते, आणि मग तीन-चार मिनिटं काहीच नाही. इतकं काहीच नाही की मधे एकदा मी चक्क घोरले म्हणे. ती उसंत आपल्यापेक्षा बाळाला जास्त लागते. गर्भपिशवी आवळली की वारेकडे, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते तिच्याकडे, येणारं रक्त कमी होतं. सैल पडली की पुन्हा वाहतं आणि बाळाला प्राणवायू पोचतो.

आधीच्या आठवड्यात खोट्या कळांनी दोनदा फसवलं. तलावपाळीला एक फेरी मारली की गायब! खऱ्या कळा चालून जात नाहीत, उलट जवळजवळ येत जातात. माझ्या पहाटे दोनला सुरू झाल्या, कंबरेतून पोटाकडे येणाऱ्या. भर पावसात हॉस्पिटल गाठलं, तर 'दोनच सेंटिमीटर' म्हणून परत घरी. रडूच आलं.

नंतर डॉक्टरबाईंनी स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावून दाखवलं: पिशवीचं तोंड आधी असं घट्ट असतं, मग ओठासारखं मऊ पडतं, पातळ होतं आणि मग उघडतं. म्हणजे 'दोनच' होईपर्यंत बरंच काम झालेलं असतं. वरचे स्नायू प्रत्येक कळेत आखडतात आणि कळ गेली तरी पूर्वीइतके लांब होत नाहीत. असं थोडं थोडं करत ते तोंड वर ओढून घेतात, दहा सेंटिमीटरपर्यंत.

दुपारी दाखल झाले. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "तासाला एक सेंटिमीटर तरी हवंच, तुम्ही घाबरता म्हणून अडलंय." ते वाक्य अजून सलतं. ताशी एक हा हिशेब सगळ्यांना लागू होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय. तुला कुणी ऐकवलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

बाळाचं डोकं खाली दाबतं, तो निरोप मेंदूला जातो, मेंदू ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सोडतो, कळ वाढते, डोकं आणखी दाबतं. हे चक्र बाळ बाहेर येईपर्यंत थांबत नाही. आठाच्या सुमारास मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. ताप आला वाटलं. पण त्या वेळी असं पुष्कळजणींना होतं. मग संडासला लागल्यासारखा जोर. ओशाळू नकोस, तेच खरं लक्षण!

बाळाचं डोकं दुधीसारखं लांबुळकं पाहून मी घाबरले. कवटीची हाडं जुळलेली नसतात, वाटेत एकमेकांवर सरकतात. दोन-चार दिवसांत झालं गोल.

पंधरा मिनिटांनी वार पडली. मी मागून घेऊन पाहिली: छोट्या थाळीएवढी, जांभळट, अर्धा किलोची, नाळेच्या बाजूला वडाच्या मुळांसारख्या शिरा. ती सुटते तिथे जखमच असते. पिशवी आवळून त्या रक्तवाहिन्या दाबून टाकते. म्हणून सिस्टर सारखं पोट दाबून बघतात. बेंबीखाली नारळासारखं कडक लागायला हवं. चीक पाजताना पोटात पुन्हा कळ येईल, दचकू नकोस. तेच ऑक्सिटोसिन.

आणि हो, पाणी हिरवट गेलं, रक्त जास्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळा मोजत बसायचं नाही. तडक निघायचं. आत सोबत कुणाला येऊ देतात, ते आत्ताच विचारून ठेव.

आई म्हणतेय, तुझ्यासाठीही अळिवाचे लाडू करून पाठवते. पण ते बाळंत झाल्यावर. आत्ता मागू नकोस.

तुझी,
अनू