चुकलं तर पकडता येईल असं बोलणारा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या गटाचा वाद शेवटी ‘ज्याला जो पटेल त्याला त्यानं ऐकावं’ इथे येऊन थांबला, असं लिहिलं आहेस. हा काही निकाल नव्हे, तुम्ही नुसते दमलात. कोणता विचारवंत ऐकण्याजोगा, याची तुमच्याकडे तीन उत्तरं होती: ज्याचा व्यासंग मोठा तो, जो निर्भीड तो, आणि ज्याच्यामागे कुणाचा पैसा नाही तो. तिन्ही कामाची आहेत, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नकोस. आधी एवढंच बघ की हा माणूस चुकला तर ते आपल्याला कळेल, असं तो बोलतो का.

‘येत्या काळात मोठी उलथापालथ अटळ आहे.’ या वाक्यात हरायची सोयच नाही. येता काळ कधी संपतो, उलथापालथ केवढी झाली म्हणजे मोठी, काहीच ठरलेलं नाही. टाळ्या मात्र हमखास मिळतात. ‘शक्यता आहे’, ‘नाकारता येत नाही’ हे शब्दही तसेच निसरडे. १९५१ साली अमेरिकी गुप्तचर खात्याच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं लिहिलं होतं. शर्मन केंट या अधिकाऱ्यानं नंतर अहवाल लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं, म्हणजे नेमकी किती? उत्तरं वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आली. एकाच कागदावर सगळ्यांची संमती, आणि प्रत्येकाच्या मनातला आकडा वेगळा. व्यासपीठावरचा वक्ता हा शब्द वापरतो तेव्हा श्रोत्यांचंही हेच होतं. जो तो आपल्याला हवा तो आकडा ऐकतो आणि सगळे खूश होऊन घरी जातात.

तर आता वही घे. ज्याला तपासायचं त्याचं पाच वर्षांपूर्वीचं लेखन आणि भाषणं काढ. आजची घेऊ नकोस. आजच्या मतांवर तू आधीच बाजू घेऊन बसलेली असतेस आणि त्यांचे निकालही लागलेले नसतात. सलग तीन महिने निवड आणि त्या काळातली सगळी विधानं घे. इथेच बहुतेकांचं चुकतं: ‘बघा, मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणून जे तो स्वतः पुन्हापुन्हा दाखवतो तेच लोक तपासतात. त्यानं निवडून दिलेल्या नमुन्यात तो बरोबरच निघणार.

पानावर पाच रकाने आख. विधान शब्दशः, तारीख, मुदत, त्यानं दाखवलेली खात्री, आणि पाचवा रकाना ‘काय घडलं तर हे चूक ठरेल’. हा पाचवा रकाना निकाल शोधायला जाण्यापूर्वी भरायचा. नंतर भरलास तर आवडत्या माणसासाठी हात सैल सुटतो आणि नावडत्यासाठी आखडतो, आणि तुझं तुलाही ते कळत नाही. ज्या विधानांपुढे हा रकाना भरताच येत नाही ती बाजूला काढ. वीसांतली तीनच उरली, तर पुढची तपासणी न करताही त्या माणसाविषयी बरंच समजलं.

उरलेल्यांना गुण द्यायची एक सोपी रीत आहे. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञानं ती १९५० मध्ये मांडली. खात्रीचा आकडा दशांशात घ्यायचा. घटना घडली तर १ आणि नाही घडली तर ०, यातून तो वजा करायचा आणि येईल त्याचा वर्ग करायचा. नव्वद टक्के खात्रीनं सांगितलं आणि घडलं, तर ०.०१, नाही घडलं, तर ०.८१. सगळ्यांची सरासरी काढायची. सरासरी जितकी लहान तितका माणूस भरवशाचा. जो काहीच न कळता दर वेळी ‘पन्नास-पन्नास’ म्हणतो त्याची सरासरी ०.२५ येते.

आता दोघे वक्ते घे. दोघांचीही दहापैकी सहा विधानं खरी ठरली. पहिला प्रत्येक वेळी नव्वद टक्के खात्रीनं बोलला, त्याची सरासरी ०.३३. दुसरा साठ टक्क्यांनी बोलला, त्याची ०.२४. म्हणजे पहिला काहीच न कळणाऱ्यापेक्षाही वाईट, आणि तरी कार्यक्रमाला बोलावणं त्यालाच येतं, कारण ‘साठ टक्के’ म्हणणारा माणूस ऐकायला पिळपिळीत वाटतो. लोक टक्के सांगत नाहीत, हे खरं. मग ‘निश्चित’ला ०.९५, ‘बहुधा’ला ०.७ असे आकडे तूच ठरव. पण एकदा ठरवलेस की सगळ्यांना तेच लाव.

फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञानं हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. २८४ राजकीय-आर्थिक तज्ज्ञ, सुमारे दोन दशकं, ८२ हजारांवर भाकितं. निष्कर्षांचं पुस्तक २००५ मध्ये आलं. सरासरी तज्ज्ञ साध्या ठोकताळ्यांपेक्षा फारसा पुढे नव्हता, हे त्यातलं गाजलेलं वाक्य. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्यांचं नाव जास्त झालेलं होतं त्यांची भाकितं इतरांपेक्षा कमी अचूक होती. एकच मोठी कल्पना घेऊन सगळं जग तिच्यात बसवणारे मागे पडले. ‘पण’, ‘मात्र’, ‘दुसऱ्या बाजूनं’ असं अडखळत बोलणारे पुढे गेले. तुमच्या वादात ‘तो ठाम बोलतो’ हा मुद्दा एखाद्याच्या बाजूनं मोजला गेला असेल तर तो खोडून टाक.

या वहीवरही फार भाळू नकोस. दहा-वीस विधानांत नशीब खूप शिरतं. जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १९६८ मध्ये लिहिलं की १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसं उपासमारीनं मरतील. तसं घडलं नाही. साधनं टंचाईमुळे महागत जातील का, यावर १९८० मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांच्याशी त्यांनी पैज लावली: तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन, प्रत्येकी दोनशे डॉलरांचं, महागाई वजा जाता दहा वर्षांनी भाव चढले तर सायमन हरले, उतरले तर एर्लिक. १९९० मध्ये पाचही उतरलेले होते आणि एर्लिक यांनी ५७६.०७ डॉलरांचा धनादेश पाठवला. सायमन यांचे चाहते इथे गोष्ट संपवतात. पण पुढे लोकांनी विसाव्या शतकातले इतर दहा-दहा वर्षांचे टप्पे तपासले, तर त्यांतल्या बऱ्याच टप्प्यांत सायमन हरले असते. म्हणून एका पैजेवरून कुणाला द्रष्टा ठरवू नये. तरी दोघांनी धातू, मुदत आणि रक्कम लिहून दिली, एवढ्यासाठी मी दोघांनाही अटळ उलथापालथवाल्याच्या वर ठेवीन.

आता व्यासंगाचं. ‘स्वतःच्या विषयात बोलला तर ऐकावं, बाहेर गेला तर ऐकू नये’ हा नियम तू मांडलास. बऱ्याचदा तो चालतो, पण दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी साफ कोसळतो. गणिताचा माणूस इतिहासात शिरला, तो आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेली प्राचीन, नाणी तोलत. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणून वजनांच्या सांख्यिकीवरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो, हे त्यांनी हजारो नाणी तोलून दाखवलं. तराजू आणि आकडे समोर ठेवलेले. कुणालाही पुन्हा तोलून बघता यावं. याच कोसंबींनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रीमान गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांविषयीचं एक न सुटलेलं कोडं, सिद्ध केल्याचा दावा केला, म्हणजे चक्क स्वतःच्या घरात, गणितात, आणि तो चुकीचा निघाला. तो लेख छापून आला कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात. संख्या-सिद्धांतातली चूक जिथे ताबडतोब पकडली गेली असती ती ती जागा नव्हती. म्हणून विषयापेक्षा हे विचार, की ज्यांना चूक पकडता येते त्यांच्यासमोर दावा आधी मांडला होता का? जे सहकाऱ्यांपुढे न ठेवता थेट श्रोत्यांपुढे येतं, तिथे सावध राहा.

पैशाचंही तसंच आहे. रोनाल्ड फिशर हे विसाव्या शतकातले अव्वल संख्याशास्त्रज्ञ. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा फिशर पुढे अडून बसले: कदाचित एखादा आनुवंशिक गुण सिगरेटची ओढही लावत असेल आणि कर्करोगही. ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते. पण ‘विकला गेला’ म्हणून त्यांचा मुद्दा मरत नव्हता. तो मेला १९५९ मध्ये, जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांच्या साध्या हिशोबानं: धूम्रपान करणाऱ्यांत धोका नऊपट असेल, तर तो लपलेला गुणही त्यांच्यात निदान नऊपट आढळायला हवा. असा गुण कुणी दाखवू शकलं नाही. पैसा कुठून येतो ते कळलं की कुठे जास्त खणायचं तेवढं कळतं. खणावं लागतंच.

खणायची जागा म्हणजे त्यानं दिलेला संदर्भ. एका लेखातला एकच उचल, पण मूळ पानापर्यंत जा. ते संशोधन खरंच आहे का, तेच म्हणतं का, किती जणांवर आणि कोणावर झालं, हे बघ. ‘संबंध आढळला’चं ‘यामुळेच होतं’ झालेलं सापडेल. उंदरांवरचं माणसांवर आलेलं सापडेल. ‘धोका दुप्पट’ म्हणजे दहा हजारांत एकाचे दोन झाले, हे पान उलटल्यावर कळेल. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तेवढं करणारे श्रोते थोडे असतात हे वक्त्यांना चांगलं ठाऊक असतं.

मग त्यानं विरोधकाचं म्हणणं जिथे मांडलंय तो परिच्छेद काढ आणि विरोधकाचा मूळ लेख शेजारी ठेव. ‘हो, मी हेच म्हणतो’ अशी सही विरोधक त्या परिच्छेदाखाली करेल का? आणि शेवटी त्याच्या कबुल्या शोध. ‘माझा विपर्यास केला गेला’, ‘थोडं लवकर बोललो एवढंच’, ‘जवळजवळ तसंच झालं’ या कबुल्या नव्हेत. काय चुकलं, का चुकलं आणि त्यामुळे पुढचं कोणतं मत बदललं, हे तिन्ही असेल तर ती कबुली. हीसुद्धा मूळ दाव्याइतक्याच ठळक जागी हवी.

तुझा सर्वांत चांगला प्रश्न शेवटचा होता: जे भाकीत करत नाहीत, न्याय-अन्यायाबद्दल बोलतात, त्यांचं काय? त्यांना ब्रायरचे गुण लागत नाहीत, पण पहिली कसोटी लागते. द्रेफ्यूस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती. त्या प्रकरणी फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलानं १३ जानेवारी १८९८ रोजी राष्ट्राध्यक्षांना उघडं पत्र लिहिलं, त्यात ‘व्यवस्था सडली आहे’ असा सूर लावून तो थांबला नाही. अधिकाऱ्यांची नावं घेतली, कुणी काय केलं ते लिहिलं, आणि १८८१ च्या मुद्रण कायद्याच्या कोणत्या कलमांखाली, तिसाव्या आणि एकतिसाव्या, आपल्यावर अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकतो तेही स्वतःच नमूद केलं. खटला झाला, शिक्षा झाली, तो इंग्लंडला निघून गेला. काही तपशिलांत तो चुकलाही होता. एका अधिकाऱ्यावर त्यानं त्याच्या वाट्यापेक्षा जास्त दोष ठेवला. पण ही चूकही आपल्याला सांगता येते, कारण त्यानं तपासता येईल असं लिहून ठेवलं. मुख्य आरोप टिकला आणि १९०६ मध्ये द्रेफ्यूस निर्दोष ठरला.

यातून ‘शिक्षा झाली म्हणजे खरा’ असं मात्र काढू नकोस, निर्भीडपणाच्या बाजूनं बोलणारे नेमके तिथे घसरतात. रघुनाथ कर्वे यांची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. संततिनियमनाबद्दलचं त्यांचं म्हणणं त्यामुळे खरं ठरत नाही. ते त्याच्या पुराव्यानं ठरतं. छळ तर अगदी पोकळ बोलणाऱ्याचाही होतो. आणि नैतिक भूमिकेसाठी एक जास्तीची तपासणी: जो नियम तो परक्या बाजूला लावतो, तोच आपल्या बाजूला लावून आपल्याच श्रोत्यांना त्यानं कधी नाराज केलं आहे का? तारीख आणि जागा शोध. पाच वर्षांत एकही प्रसंग सापडला नाही, तर तो आपल्या गिऱ्हाइकांना सांभाळतो आहे.

तुमच्या वादातली सहा नावं एकदम घेऊ नका. दोनच घ्या, एक तुला पटणारं आणि एक न पटणारं. वह्या अदलाबदल करा: पटणाऱ्याचा पाचवा रकाना ज्याला तो पटत नाही त्यानं भरायचा. एका नावाला दोन रविवार लागतील.

तुझी,
आई

ता. क. वहीत शेवटचं एक पान आपल्या स्वतःच्या विधानांसाठी ठेव. त्याचा पाचवा रकाना भरायला मला पाठव.